आजी पडतात त्या वळताना

नाशिक

प्रिय बाळा,

वृद्धाश्रमात पडलेल्या दोन्ही आजींच्या नावापुढे रजिस्टरमध्ये ‘पाय घसरला’ एवढंच लिहिलं गेलं, हे तुला खटकलं. बरं झालं. कोणी पडलं की आपण आधी फरशीकडे बोट दाखवतो.

कॅनडात स्टीफन रॉबिनोविच हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वृद्ध-निवासांत कॅमेरे लावून १३० जणांच्या पडण्याचे २२७ प्रसंग तपासले. २०१३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ४१ टक्के वेळा अंगाचा भार भलतीकडे टाकल्याने तोल गेला होता. अडखळून २१ टक्के, आणि घसरून फक्त ३. कॅमेरे बाथरूममध्ये नव्हते, जेवणघर, दिवाणखाना, व्हरांडा अशाच जागी होते. म्हणजे न्हाणीघरातलं घसरणं या आकड्यांत आलेलंच नाही. तेव्हा न्हाणीघर कोरडं ठेवण्यात आणि भिंतीला दांडा बसवण्यात कसूर नको.

पण लक्ष ठेव ते वळण्याकडे, वाकण्याकडे, खुर्चीत बसण्याकडे. आजींना मागून कधीही हाक मारू नकोस. त्या मान वळवतात, पाय तिथेच राहतात आणि तोल जातो. समोर जाऊन बोल. बसताना खुर्चीची कड पोटऱ्यांना लागेपर्यंत मागे सरकायचं, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवायचे, मगच टेकायचं. हे रोज न कंटाळता सांगावं लागतं.

थंडीत आपल्याकडे पहाटेची वेळ वाईट. लघवीची घाई असते, रजई बाजूला करून आजोबा ताडकन उठतात, बीपी उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात झोपेची गोळी असेल तर आणखीच. आधी पलंगाच्या कडेला बसव, पावलं वरखाली हलवायला लाव, मग उभं कर. ज्यांना अशी चक्कर येते त्यांचं बीपी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोज. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळव. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

कोणी पडलंच, तर लगेच काखेत हात घालून उचलू नका. खुब्यात कळ असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, तर हलवायचं नाही, रुग्णवाहिका बोलवायची. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला तर वरून काही दिसत नसलं तरी दवाखान्यात न्यायचंच.

नातेवाईक म्हणतील, “खुर्चीला बांधा, पण पडू देऊ नका.” याला तू ठाम नाही म्हण. बांधलेल्या माणसाच्या मांड्या काही आठवड्यांतच गळून जातात, मग तो उठेल तेव्हा हमखास पडतो. पलंगाचा कठडा ओलांडायला गेला तर उलट जास्त उंचीवरून पडतो. आणि आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला बांधून ठेवायचं, हे मला सहनच होत नाही. रविवारी मुलगा भेटायला आला की त्यालाच आईला अंगणात चालवायला सांग. कुठल्या बाजूला उभं राहायचं, कसं धरायचं, ते तू दाखव.

तुझ्या सिस्टर