‘फ्लाय ऑफ द हँडल’ म्हणजे काय? याचा गाडीच्या हँडलशी संबंध आहे का?

नाही, गाडीशी काही संबंध नाही. आपण हँडल म्हटलं की बाइकच डोळ्यांसमोर येते, पण इथे हँडल म्हणजे कुऱ्हाडीचा दांडा. अर्थ एवढाच: एकदम भडकणे, ताबा सुटणे.

हा वाक्प्रचार अमेरिकेकडचा. तिकडे जंगलं तोडून वस्ती होत होती तेव्हा कुऱ्हाड घरोघरी असायची. लाकडी दांडा वाळून आकसला की पातं ढिलं होतं आणि ऐन घाव घालताना निसटून कुठेही भिरकावतं. कोणाला लागेल, नेम नाही. छापील वापर १८४०च्या दशकात कॅनडाच्या हॅलिबर्टन या विनोदी लेखकाकडे सापडतो.

मी दिंडोरीकडचा. द्राक्षबागेत छाटणीला कात्री लागते, पण बांधावरची बाभळ तोडायला कुऱ्हाडच. आजोबा आदल्या रात्री ती बादलीत भिजत टाकायचे, म्हणजे लाकूड फुगून पातं घट्ट बसतं. तरी हललं तर पाचर ठोकायची. त्यामुळे हा वाक्प्रचार मला डिक्शनरीशिवाय कळला!

मराठीत ‘तळपायाची आग मस्तकात गेली’ म्हणतात, पण त्यात राग खालून वर चढत जातो. इथे मात्र क्षणात सुटतो, तोही बहुतेक वेळा क्षुल्लक कारणावरून. म्हणून मला ‘तडकला’ किंवा ‘एकदम सटकली त्याची’ जास्त जवळचं वाटतं. नाशकात कॉलेजच्या पोरांना विचारा, दुसरंच सांगतील.

साहेबांना मेल लिहिताना मात्र हा वापरू नका, बोलीतला आहे.