बटानच्या पायपिटीत अंतर जेमतेम 100 किलोमीटर असूनही इतके युद्धकैदी का मेले?

अंतरापेक्षा कैद्यांची अवस्था जीवघेणी ठरली. दुसऱ्या महायुद्धात 9 एप्रिल 1942 ला फिलिपिन्समधल्या बटान द्वीपकल्पावर अमेरिकी आणि फिलिपिनो सैन्याने जपानपुढे शरणागती पत्करली, तेव्हा हे सैनिक जानेवारीपासून अर्ध्या शिध्यावर होते. मलेरिया, हगवण वेगळी. जपान्यांनी आखणी केली ती याहून खूप कमी आणि धडधाकट कैद्यांची. हाती आले सुमारे 75,000. ट्रक अपुरे, म्हणून मारिवेलेसपासून सान फर्नांडोपर्यंत भर उन्हात चालवलं. वाटेत झरे असूनही पाणी पिऊ देत नसत. डबक्यातलं प्यायलं की हगवण बळावायची. मागे पडला त्याला संगिनीने भोसकत. हा निव्वळ गैरव्यवस्थेचा नव्हे, क्रौर्याचाही भाग. पुढे कापासपर्यंत मालगाडीचे बंद डबे, त्यात माणसं उभ्याउभ्या गुदमरली.

1929 च्या जिनिव्हा करारात पायी नेताना दिवसाला साधारण 20 किलोमीटरची मर्यादा होती. जपानने सही केली, पण मान्यता दिली नव्हती.