घाई करणाऱ्याचे पैसे परत मोजायचे

“मॅडम, मोबाइलवरची बँक ठेवू की काढून टाकू?”

ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या खोलीत गेल्या काही वर्षांत हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे, की वाक्याची सुरुवात झाली की शेवट मला ठाऊक असतो. विचारणारे बहुतेक साठीच्या पुढचे. काहींचे पैसे गेलेले असतात, काहींच्या शेजाऱ्याचे. कधी मुलंच आईवडिलांना घेऊन येतात आणि ते समोर बसलेले असताना त्यांच्या वतीने प्रश्न विचारतात. खरं तर ही विचारणा बँकेत व्हायला हवी. पण ती घेऊन माणसं समुपदेशकाकडे येतात, कारण तिच्या तळाशी दुसराच प्रश्न असतो: माझाच माझ्यावर आता भरवसा उरला आहे का?

मंदाताईंची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आमच्या नऊ भेटींतलं मोजकंच इथे आलं आहे, तेही त्यांना विचारून.

मंदाताई ६८ वर्षांच्या. एका सहकारी बँकेत ३१ वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी कॅशच्या खिडकीत. यजमान पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली विजेवर चालणारी हवेची गादी. मुलगा ऐरोलीला, रविवारी येणारा. औषधं, नर्सबाईंचा पगार, किराणा, सगळे व्यवहार ताई मोबाइलवरून करायच्या आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

एका संध्याकाळी मेसेज आला. मागच्या महिन्याचं वीजबिल भरलेलं दिसत नाही, आज रात्री साडेनऊला पुरवठा तोडला जाईल, अधिकाऱ्याशी या नंबरवर बोला. बिल त्यांनी भरलं होतं आणि ते त्यांना आठवतही होतं. पण घड्याळात सव्वाआठ झाले होते आणि आतल्या खोलीत गादीचा पंप घरघरत होता. फोनवरचा माणूस अदबीनं, शुद्ध मराठीत बोलला. “काकू, तुमचं पेमेंट सिस्टिममध्ये अपडेट झालेलं नाही. एक फाइल पाठवतो, ती उघडून फक्त दहा रुपये भरा.” ती फाइल म्हणजे एक अ‍ॅप होतं. त्याने मेसेज वाचायची परवानगी मागितली, ताईंनी दिली. पुढच्या पानावर कार्डाचा नंबर आणि पिन भरला. वीस मिनिटांत, तीन वेळा मिळून, १,८४,००० रुपये गेले. ओटीपी त्यांनी कोणालाच सांगितला नव्हता. तो त्या अ‍ॅपनेच वाचून पुढे पाठवला.

इथपर्यंतची हकिकत वर्तमानपत्रात रोज येते. मला अस्वस्थ केलं ते पुढच्या अकरा दिवसांनी. हे अकरा दिवस मंदाताईंनी कोणालाही काही सांगितलं नाही. मुलाला नाही, शाखेत नाही, पोलिसांत नाही. मुलाला कळलं ते औषधवाल्याचं पेमेंट परत आलं तेव्हा.

पहिल्या भेटीत मी विचारलं, “सगळ्यात जास्त कशानं त्रास होतोय?”

“पैशांनी नाही. मी बँकेतली बाई. लोकांना मी सांगायचे, चेकबुक जपा, सही जपा. मला हे कळायलाच हवं होतं.”

त्या ‘कळायलाच’मधल्या ‘च’वर मी बराच वेळ थांबले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेला विवेकनिष्ठ विचार माझ्या कामाचा पाया आहे. त्याचं सार असं, की घटनेपेक्षा घटनेला आपण जो अर्थ देतो तो माणसाला अधिक मोडतो. ‘माझ्या हातून चूक झाली’ म्हणणाऱ्याला खंत वाटते, आणि खंत वाटणारा माणूस फोन उचलून मदत मागतो. ‘मीच मूर्ख’ म्हणणाऱ्याला शरम वाटते, आणि शरम वाटणारा माणूस दार लावून बसतो.

ठकाला हवं असतं ते हेच लावलेलं दार. गेलेले पैसे एका खात्यात बसून राहत नाहीत. ते या खात्यातून त्या खात्यात, तिथून आणखी चार ठिकाणी सरकतात आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून बाहेर पडतात. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार गेली, की वाटेत जी रक्कम अजून शिल्लक असेल ती त्या त्या बँकेला रोखून धरता येते. म्हणजे सगळा खेळ पहिल्या काही तासांचा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि स्वतःच्या बँकेचं नाव एवढं हाताशी असलं की फोन करता येतो. हीच तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही नोंदवता येते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७मध्ये ग्राहकाच्या जबाबदारीविषयी परिपत्रक काढलं, त्यातही सगळा भर वेळेवर आहे. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कोणाची असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलंत, तर तुमचं नुकसान शून्य धरायचं. तुमच्याच हातून पिन गेला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. अकरा दिवसांत मंदाताईंनी फक्त झोप गमावली नव्हती.

दुसऱ्या भेटीला मी मुलाला बोलावलं. चांगला मुलगा. धास्तावलेला होता म्हणून कडक झाला होता. त्याने आईच्या फोनमधलं बँकेचं अ‍ॅप काढून टाकलं होतं, आणि रागाच्या भरात “एवढी वर्षं बँकेत काय केलंस मग?” असं बोलूनही गेला होता. मी त्याला एवढंच विचारलं, “पुढे कधी शंका आली, तर आईने पहिला फोन तुम्हालाच करावा असं वाटतं ना?”

“अर्थात.”

“मग तो फोन करणं तिला जड जाईल असं काही बोलू नका. ‘बरं झालं सांगितलंस, चल, आधी १९३० लावू,’ एवढं वाक्य पाठ करा. बाकीचं बोलणं आठवडाभराने.”

हे वाक्य मी आता प्रत्येक मुलाकडून, प्रत्येक सुनेकडून म्हणवून घेते. घरात रागावलं जाईल या भीतीनं गप्प बसलेली माणसं मी इतकी पाहिली आहेत, की सावधगिरीची बाकी कुठलीही सूचना मला या वाक्यापुढे दुय्यम वाटते.

तिसरी भेट कोरडीच गेली. मी विचारत होते, “कळायलाच हवं होतं, हे कुठे लिहिलंय?” ताई मान हलवत होत्या, पटतंय म्हणत होत्या, आणि आत काहीच हलत नव्हतं. पटणं आणि पालटणं यांत अंतर असतं.

चौथ्या भेटीला मी वाद घालणं सोडलं आणि त्यांच्या खिडकीबद्दल विचारलं. कॅशमध्ये असताना कधी चुकला नाहीत का?

“एकदा. ५०० रुपये कमी भरले. त्या काळात मोठी रक्कम होती हो. खिशातून भरावे लागले.”

“मग? काय केलंत?”

“काय करणार? रजिस्टरमध्ये लिहिलं, कॅश एवढी कमी. सही केली. दुसऱ्या दिवशी परत खिडकीत.”

“लपवलं नाहीत?”

“लपवून कसं चालेल? दिवसाचा हिशेब बंद कसा करणार?”

हे बोलून त्या स्वतःच जरा थबकल्या. मी पुढचा प्रश्न विचारला. तो आधी ठरवलेला नव्हता, पण माझ्या इतक्या वर्षांच्या कामात नेमक्या वेळी सुचलेल्या प्रश्नांत मी त्याला वरचं स्थान देते. “खिडकीशी कोणी घाई करायला लागलं तर?”

“छे! मग तर मी बंडल खाली ठेवायचे आणि परत पहिल्यापासून मोजायचे. घाई करणारं गिऱ्हाईक दोनच प्रकारचं असतं. एकाची गाडी चुकत असते, दुसऱ्याला हात मारायचा असतो. समोर कोणता उभा आहे ते आपल्याला कळत नाही. म्हणून दोघांचेही पैसे परत मोजायचे.”

आणि त्या गप्प झाल्या. बाहेर गोखले रोडवर नेहमीचे हॉर्न वाजत होते. ताई आपल्या हातांकडे बघत होत्या. अंगठा आणि तर्जनी नोट सरकवल्यासारखी एकमेकांवर हलत होती.

“त्या दिवशी मी मोजलंच नाही, मॅडम,” त्या म्हणाल्या. मग रडल्या. अकरा दिवसांत आणि नंतरच्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच, असं त्यांनी नंतर सांगितलं. डोळे पुसून पुढे म्हणाल्या, “पण मला येतं ते. मोजता येतं मला.”

तो क्षण मी पुष्कळदा मनात फिरवून पाहिला आहे. ताईंकडे सावधपणा नव्हता असं नव्हतं. तो खिडकीच्या जाळीमागे, त्या खुर्चीत राहिला होता. खुर्चीत त्या बसलेल्या असत आणि वेग त्या ठरवत. त्या संध्याकाळी ठकानं त्यांना जाळीच्या बाहेर, गिऱ्हाइकाच्या जागी उभं केलं. वेळ त्याची, नियम त्याचे, विनवणी ताईंची. पुन्हा जाळीमागे जाऊन बसायचं, एवढंच करायचं होतं.

तेव्हापासून मी प्रत्येकाची अशी खिडकी शोधते. निवृत्त नर्स औषध देण्याआधी बाटलीवरची चिठ्ठी परत वाचते. कोळीण कितीही घाई करो, बाजारात आयुष्य काढलेली गृहिणी कल्ले उघडून बघितल्याशिवाय पापलेट पिशवीत टाकत नाही. नवा सावधपणा शिकवायला जावं तर या वयात माणूस बिचकतो. असलेला सावधपणा फोनपर्यंत आणून दिला, की तो लगेच वापरायला लागतो.

पुढच्या भेटींत ताईच मला शिकवत होत्या. यूपीआयचा पिन कधी टाकायचा, हे मी त्यांना समजावून सांगत होते, तर त्या म्हणाल्या, “सोपं आहे. पैसे काढायच्या स्लिपवर खातेदाराची सही लागते. भरायच्या स्लिपवर कोणीही भरावं, खातेदाराची सही लागत नाही. पिन म्हणजे सही.” इतकं नेमकं मी कुठे वाचलं नव्हतं. जुना सोफा विकताना ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असं सांगणारा भेटला, तर एवढं एक वाक्य पुरतं. पैसे येणार असतील तर सही कशाला?

बाकीची व्यवस्था आम्ही दोन बैठकांत उरकली. रोजच्या खर्चासाठी वेगळं खातं, त्यात १५,००० रुपयांच्या वर काही नाही, आणि मोबाइल फक्त त्यालाच जोडलेला. पेन्शनच्या खात्याला नेट बँकिंग नको आणि ठेवी ऑनलाइन मोडता येऊ नयेत, असा अर्ज शाखेत. अ‍ॅपमध्ये दिवसाची मर्यादा खाली आणलेली. बँकेचा नंबर पासबुकावरून वहीत उतरवलेला, कारण इंटरनेटवर शोधलेला नंबर ठकानेच टाकलेला असू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल उघडून अ‍ॅप घ्यायचं नाही, मग पाठवणारा वीज कंपनीचा असो, आरटीओचा असो की लग्नपत्रिका पाठवणारा भाचा असो. चुकून घेतलं गेलंच तर फोनचं इंटरनेट आधी बंद करायचं आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायचं.

पोलिसांच्या नावाने येणाऱ्या फोनचं भय मात्र वेगळं असतं. त्यात पैशापेक्षा अब्रूचा प्रश्न पुढे केलेला असतो. वर्तकनगरचे एक आजोबा ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच अटक केल्याच्या, धाकानं दीड दिवस व्हिडिओ कॉलसमोर बसून होते. शेजाऱ्यांना कळेल म्हणून त्यांनी दारसुद्धा उघडलं नाही. कायद्यात अशी अटकच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये हेच सांगितलं होतं, आणि उपाय सांगताना पहिला शब्द ‘रुको’ असा वापरला होता. तोच शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अशा वेळी फोन ठेवणं उद्धटपणाचं नसतं. आपल्या पिढीला ‘साहेब’ म्हणवणाऱ्याचा फोन मध्येच ठेवायची सवय नाही, म्हणून मी माझ्या खोलीत तो ठेवायचा सराव करून घेते. मंदाताई खिडकीवर पाटी लावावी तशा म्हणायच्या, “काउंटर बंद आहे,” आणि फोन ठेवायच्या.

मग मोबाइलवरची बँक ठेवायची की काढायची? स्वतःच्या मर्जीनं नको असेल त्याने खुशाल शाखेत जावं. भीतीपोटी मात्र काढू नका, असं मी सांगते. भीतीनं काढलेलं अ‍ॅप रोज बजावत राहतं, की तुला जमत नाही. मंदाताईंच्या बाबतीत तर प्रत्येक औषधासाठी मुलाकडे हात पसरणं हीच खरी शिक्षा झाली होती.

त्यांची तक्रार उशिरा का होईना, नोंदवली. पैसे परत आले नाहीत. रजिस्टरमध्ये लिहावं तसं त्यांनी वहीत तारीख घालून लिहिलं, ‘कमी १,८४,०००’, आणि खाली सही केली.

नवव्या भेटीच्या शेवटी त्यांनी पर्समधून फोन काढला. दर वेळी माझी फी मुलगा पाठवायचा. पुढचे अशील बाहेर बसले होते, म्हणून मी म्हटलं, “राहू द्या ताई, नंतर पाठवा, घाई आहे जरा.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. टेबलावरचा कोड स्कॅन केला, पडद्यावर आलेलं माझं नाव मोठ्यानं वाचलं, आकड्यातली शून्यं बोटानं मोजली. मग मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. मी उभी होते, ती खाली बसले.