स्टेटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये आवक आणि भाव एकाच आलेखावर घेताना रेषा जुळून दिसतील अशी उजव्या अक्षाची मापं कशी ठरवावीत?

दुसऱ्या मालिकेला वायॲक्सिस(2) लावा, उजवा अक्ष येतो. वायस्केल आणि वायलेबलमध्ये ॲक्सिस(2) लिहिलं की मापं बदलतात. पण 'जुळून दिसतील' हे वाचलं आणि राहवलं नाही.

एका संस्थेत लासलगावच्या कांद्याचा अहवाल माझ्याकडे होता. डावीकडे आवक क्विंटलमध्ये, उजवीकडे भाव. स्टेटा दोन्ही अक्ष आपापल्या आकड्यांपुरतेच धरतं, शून्यापासून नाही. त्यामुळे आवक उतरताना भाव चढत होता आणि नेमक्या कांदाचाळीचं अनुदान आलं त्याच महिन्यात दोन्ही रेषा एकमेकींना छेदत होत्या. साहेब खूश. "हाच आपला निष्कर्ष!" मी उजव्या अक्षाला रेंज(0) दिली, म्हणजे तो शून्यापासून सुरू केला. भावाची रेषा वर सरकली, जवळजवळ सपाट झाली, छेद गायब. आकडा एकही बदलला नव्हता. साहेब म्हणाले, वाचणाऱ्याला काहीतरी दिसलं पाहिजे. अहो, आकड्यांत असेल तर दिसेलच की! क्विंटल आणि रुपये कुठे छेदतात याला काडीचा अर्थ नाही, तो छेद अक्ष ठरवणाऱ्याच्या हातात असतो. अहवाल जुन्याच आलेखासह छापला गेला. मी तेव्हाही विरोध केला, आजही करेन.

आर या दुसऱ्या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधल्या जीजीप्लॉट2 या आलेखांच्या पॅकेजमध्ये दुसऱ्या अक्षाची ही सोय कितीतरी वर्षं नव्हतीच. वेगवेगळ्या मापांचे दोन उभे अक्ष मुळातच सदोष, असं ते लिहिणाऱ्या हॅडली विकमने स्पष्ट सांगितलं होतं. 2016 मध्ये 2.2.0 आवृत्तीत दुय्यम अक्ष आला, तोही पहिल्या अक्षाच्या सूत्रानेच. भाव आपणच गुणकाने गुणायचा, अक्षावर त्यानेच भागायचं. निदान आपण काय करतोय ते तरी कळतं.

तुम्ही दोन आलेख एकाखाली एक ठेवा: ग्राफ कंबाइन, कॉल्स(1), एक्सकॉमन. किंवा पहिला महिना 100 धरून दोन्हींचे निर्देशांक काढा, मग एकच अक्ष पुरतो.

दोन अक्ष सगळीकडेच चूक असं नाही. तापमान आणि पाऊस एकत्र दाखवणाऱ्या वॉल्टर-लीथ हवामान आलेखात 10 अंश सेल्सियससमोर 20 मिमी पाऊस हे प्रमाण आधीच ठरलेलं असतं, तिथे खुशाल घ्या.

आणि हो, वायस्केलची रेंज अक्ष फक्त वाढवते, आखडत नाही. आखडायचाच तर इफची अट लावून काही महिने वगळावे लागतील. कोणी साहेब तसं सांगत असतील तर आधी लेखी मागून घ्या.