‘हे खरे आहे काय?’ : आमदार सरकारला खर्चाचा जाब कसा विचारतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘दवाखाने, शाळा, पाणी यांवर सरकार किती पैसा खर्च करतं हे आमदार अधिवेशनात विचारतात म्हणजे नेमकं काय करतात? त्यातून काही निघतं, की नुसता गोंधळ?’

मी सात वर्षं विरोधी बाकांवरच्या एका आमदारांकडे होतो. हुद्दा स्वीय सहायकाचा, पण निम्मं काम प्रश्न लिहिण्याचं. त्यामुळे महाराष्ट्राच्या विधानसभेपुरतं तरी आतून पाहिलेलं सांगतो.

टीव्हीवर दिसतात त्या विधानभवनाच्या पायऱ्यांवरच्या घोषणा. गळ्यात कांद्याच्या माळा, हातात फलक. त्याला बातमीमूल्य आहे, मी नावं ठेवणार नाही. पण ज्याने अधिकाऱ्याची झोप उडते तो प्रकार वेगळा. तो कागदावर असतो आणि त्याचा साचा ठरलेला आहे. माझ्या हातचा पहिला प्रश्नच दाखवतो. आमच्या तालुक्यात ग्रामीण रुग्णालयाची नवी इमारत बांधून पडली होती, कुलूपबंद. मी मोठ्या आवेशात लिहिलं:

‘(१) तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयाच्या नवीन इमारतीवर कोट्यवधी रुपये खर्च करूनही रुग्णांना सुविधा मिळत नाहीत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

उत्तर आलं दोन ओळींचं. ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’

मी संतापलो. कुलूप तर मी स्वतः पाहून आलो होतो! आमदारसाहेबांनी तो कागद विधानभवनाच्या कॅन्टीनमध्ये एका निवृत्त उपसचिवांसमोर ठेवला. त्यांनी चहात बिस्किट बुडवत वाचला आणि म्हणाले, ‘उत्तर बरोबर आहे. जुन्या इमारतीत ओपीडी चालू आहे ना? मग सुविधा मिळतेय. तुम्ही इमारतीचं विचारलंच नाही, सुविधेचं विचारलंत.’ मग मला म्हणाले, ‘हे खरे आहे काय याचं उत्तर नाही असं देता येतं. किती याचं उत्तर नाही असं देता येत नाही. तिथे आकडा लिहावाच लागतो.’

पुढची सात वर्षं मी या एका वाक्यावर काढली.

पुढच्या अधिवेशनात प्रश्न बदलला. इमारतीचं काम कोणत्या तारखेला पूर्ण झालं, प्रशासकीय मान्यता किती रकमेची होती आणि आजअखेर खर्च किती, इमारत आरोग्य विभागाकडे हस्तांतरित झाली का, मंजूर पदं किती आणि त्यांतली भरलेली किती, यंत्रसामग्रीसाठी गेल्या तीन वर्षांत तरतूद किती, वितरित किती, खर्च किती आणि समर्पित, म्हणजे न वापरता परत केलेले, किती. विशेषणाचा एक शब्द नाही. या वेळी उत्तर दीड पानांचं आलं. बांधकाम दोन वर्षांपूर्वी पूर्ण. हस्तांतरण नाही, कारण रोहित्रासाठीचे पैसे भरलेले नाहीत. यंत्रसामग्रीचा निधी एका वर्षी ३१ मार्चला समर्पित. म्हणजे दवाखाना बंद होता तो एका ट्रान्सफॉर्मरपायी, आणि एक्स-रे मशिनसाठी आलेले पैसे मुंबईला परत गेले होते. हे सगळं सरकारनेच लिहून दिलं होतं, मंत्र्यांच्या नावानिशी.

तो ‘तरतूद, वितरित, खर्च, समर्पित’ हा चौकोन नीट समजून घ्या. खर्चाचे बहुतेक घोळ यातल्या कुठल्या तरी दोन शब्दांच्या मधे पडलेले असतात. तरतूद म्हणजे बजेटमध्ये छापलेला आकडा. मंत्री भाषणात सांगतात तो हाच आणि पोस्टरवर येतो तोही हाच. पण वित्त विभाग त्यातले सगळे पैसे लगेच सोडत नाही. विभागाला मिळतो तो वितरित निधी, आणि ऑफिसात विचारलं तर सांगतात, ‘बीडीएसवर (निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर) अजून आलेला नाही.’ तो आला फेब्रुवारीत, की पुढे मार्चएन्डची धावपळ सुरू. जमलं तर खर्च, नाही तर समर्पण.

‘खर्च’ या शब्दावरही आंधळा विश्वास ठेवू नका. सरकारच्या तिजोरीतून पैसे एखाद्या महामंडळाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या खात्यात गेले की तिजोरीच्या हिशेबी ते खर्च झाले. तिथे ते बँकेत पडून असू शकतात. म्हणून सोबत उपयोगिता प्रमाणपत्राचं, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच लागले या दाखल्याचं, विचारायचं. दिलेल्या अनुदानाची अशी प्रमाणपत्रं वर्षानुवर्षं येत नाहीत, अशी कुरकुर कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालांत सापडते. कोणत्याही वर्षाचा राज्य वित्तावरचा अहवाल उघडा.

प्रश्न दिल्यावर पुढे काय होतं, ही खरी मजा आहे. विधानमंडळ सचिवालयातून तो मंत्रालयात संबंधित विभागाच्या कार्यासनाकडे जातो, तिथून संचालनालय, मग जिल्हा, मग तालुका. सरकारी ऑफिसात याला ‘एलएक्यू’ म्हणतात, परिषदेचा असेल तर ‘एलसीक्यू’. ‘साहेब, एलएक्यू आलाय’ म्हटलं की रजा रद्द होते. आमच्या रुग्णालयाच्या बाबतीत उत्तराचा पहिला मसुदा लिहिणारा माणूस म्हणजे त्याच रुग्णालयातला एक लिपिक. त्याने लिहिलं ते वर जाताना प्रत्येक टेबलावर जरा जरा गुळगुळीत होत गेलं. ‘पैसे भरले नाहीत’चं ‘भरणा करण्याची कार्यवाही सुरू आहे’ झालं. पण आकडे कोणी बदलले नाहीत. आकडा बदलायला कोणी धजत नाही, कारण सभागृहाला खोटी माहिती दिली तर हक्कभंग, म्हणजे सभागृहाचा अधिकार मोडल्याबद्दल कारवाईचा प्रस्ताव, येऊ शकतो. विशेषणांना ती भीती नसते.

छापील उत्तराबरोबर मंत्र्यांसाठी एक वेगळी पूरक टिपणीही तयार होते. सदस्य कोणते उपप्रश्न विचारतील याचा अंदाज बांधून. तारांकित प्रश्नाचा अर्थच हा, की त्यावर सभागृहात तोंडी उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. मंत्री अडकले की अधिकारी बसतात तिकडून चिठ्ठी येते, आणि चिठ्ठी येईपर्यंत मंत्री ‘सन्माननीय सदस्यांनी अतिशय महत्त्वाचा प्रश्न उपस्थित केला आहे’ हे वाक्य तीनदा म्हणतात. जाणकार आमदार ती चिठ्ठी येण्याच्या आतच दुसरा उपप्रश्न टाकतो.

मात्र तास एकच असतो. यादीतले पहिले काही प्रश्न होतात आणि वेळ संपते. लोकसभेतही दिवसाला २० तारांकित प्रश्न यादीवर असतात, तोंडी होतात त्यातले थोडेच. आणि कोविडच्या काळात, सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात, संसदेत प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता. लेखी उत्तरं तेवढी मिळाली. आमचाही प्रश्न तोंडी लागला नाही. साहेबांनी मग लक्षवेधी (तातडीच्या विषयावर मंत्र्यांचं उत्तर मागणारी सूचना) दिली, ती लागली. मंत्र्यांनी ‘महिन्याभरात बैठक घेऊन मार्ग काढू’ असं उत्तर दिलं. हे वाक्य एकदा कामकाजात नोंदलं गेलं की ते आश्वासन ठरतं, आणि त्याच्या मागे लागायला विधानमंडळाची आश्वासन समिती असते. ती फार जलद चालते असं मी म्हणणार नाही.

आता बजेटचं. लोकांना वाटतं खर्चावरची खरी चर्चा तिथे होते. कागदावर तसंच आहे: घटनेच्या अनुच्छेद २०३ प्रमाणे प्रत्येक विभागाची खर्चाची मागणी विधानसभेपुढे मंजुरीला येते, आणि सदस्य कपात सूचना देऊ शकतात. लोकसभेच्या नियमांत धोरणच नापसंत असेल तर ‘मागणी १ रुपयापर्यंत खाली आणा’ म्हणायचं आणि एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर ‘१०० रुपयांनी कमी करा’. त्या १०० रुपयांशी कोणाला देणंघेणं नसतं, त्या निमित्ताने बोलायला मिळतं. विधान परिषद चर्चा करते, पण मागण्यांवर तिचं मत नाही. अडचण वेळेची. ठरलेल्या दिवसांत चर्चा संपली नाही की उरलेल्या सगळ्या मागण्या एका फटक्यात मताला टाकतात. त्याला गिलोटिन (मान उडवण्याचं यंत्र) म्हणतात, आणि शब्द अगदी चपखल आहे. २०१८ आणि २०२३ मध्ये लोकसभेत केंद्राच्या सगळ्या मागण्या चर्चेविना अशाच मंजूर झाल्या.

माझा अनुभव म्हणाल तर बजेटपेक्षा पुरवणी मागण्यांवर, म्हणजे बजेटबाहेर मागितलेल्या जादा पैशांवर, नजर ठेवावी. महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक अधिवेशनात त्या येतात. २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात तर सुमारे ९४ हजार ८८९ कोटींच्या आल्या होत्या. बजेट मांडून महिनाही झाला नसताना एवढा पैसा आणखी का लागतो, हा साधा प्रश्न विरोधकांनी विचारायचा असतो. पुरवणीच्या पुस्तिकेत प्रत्येक बाबीखाली कारण छापलेलं असतं. आम्ही रात्री आमदार निवासात ती पुस्तिका घेऊन बसायचो आणि आपल्या जिल्ह्याचं काही सापडतंय का ते पेन्सिलने खुणा करत पाहायचो.

खर्च होऊन गेल्यावरचा जाब वेगळ्या दारातून घेतला जातो. कॅगचा अहवाल राज्यपालांमार्फत सभागृहात येतो (पुष्कळदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे चर्चेला वाव नको) आणि मग लोकलेखा समितीकडे, म्हणजे झालेला खर्च तपासणाऱ्या सदस्यांच्या समितीकडे, जातो. लोकसभेत या समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाला देण्याची प्रथा १९६७ पासून आहे. पहिले असे अध्यक्ष मिनू मसानी. समितीपुढे मंत्री नव्हे, सचिव साक्षीला बसतात. कॅमेरे नाहीत, घोषणा नाहीत, त्यामुळे सत्ताधारी आमदारही तिथे जरा मोकळेपणाने विचारतात.

ग्रामीण भागात मात्र लोकांना जास्त माहीत आहे ती पीआरसी, म्हणजे जिल्हा परिषदांचा कारभार तपासणारी आमदारांची पंचायत राज समिती. ती जिल्ह्यात येणार म्हटलं की शाळांना रातोरात रंग लागतो आणि वर्षभर बंद असलेला हातपंप पाणी ओतू लागतो. समितीने अमुक तारखेला कोणत्या गावाला भेट द्यायची हे आधी कसं फुटतं, हे मला सात वर्षांत कळलं नाही. की कळलं होतं, जाऊ द्या.

‘यातून काही निघतं का’ याला मी सिंचनाचं उदाहरण देईन. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत एक तक्ता होता. त्यानुसार दहा वर्षांत सिंचनाखालच्या क्षेत्राची टक्केवारी जेमतेम ०.१ ने वाढली होती, आणि त्या काळात सिंचनावर झालेला खर्च सुमारे ७० हजार कोटींचा सांगितला जात होता. जलसंपदा विभागाला तो हिशेब मान्य नव्हता, टक्केवारी काढायची कशी यावरच वाद झाला. पण त्यातून नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारला श्वेतपत्रिका (सरकारची बाजू मांडणारा अधिकृत दस्तऐवज) काढावी लागली आणि पुढे जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमलं गेलं. लक्षात घ्या, हा आकडा कोणी तिजोरी फोडून आणला नव्हता. तो सरकारनेच छापून सदस्यांना वाटलेल्या पुस्तकात होता.

दुसरी बाजूही सांगतो. ज्या आमदाराला मंत्र्याकडून आपल्या मतदारसंघातल्या रस्त्यासाठी निधी हवा असतो, तो त्याच मंत्र्याला खर्चाचं विचारताना हात आखडता घेतो. सत्ताधारी असेल तर जास्तच. आमच्या साहेबांनीही दोन प्रश्न मागे घेतले होते. त्या वर्षी आम्हाला एक पूल मिळाला. पूल चांगला आहे, लोक वापरतात, आणि ते दोन प्रश्न माझ्याकडे अजून टाइप केलेले पडून आहेत. आणि जिथे विचारणारे निवडून आलेले लोकच नसतात तिथे तर विषयच संपला. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकच होते. देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेचं बजेट, आणि स्थायी समितीत ‘हे काम एवढ्याला कसं?’ म्हणणारा एकही नगरसेवक नव्हता.

तुम्ही दवाखान्याचं विचारलंत म्हणून शेवटी कामाचं सांगतो. आमदारांकडे ‘डॉक्टर नाहीत, काहीतरी करा’ असं निवेदन घेऊन जाऊ नका. तशी निवेदनं आमच्याकडे गठ्ठ्याने यायची. रुग्णालयाचं नाव, मंजूर आणि भरलेली पदं, इमारतीच्या कामाची फलकावरची रक्कम आणि तारीख एवढं माहिती अधिकारात मिळवा, आणि चार कलमांचा प्रश्न तयार करूनच द्या. ‘किती’ने सुरू होणारा. जुन्या प्रश्नोत्तरांच्या याद्या विधानमंडळाच्या संकेतस्थळावर आहेत, साचा तिथून उचला. स्वीय सहायकाला आयता मजकूर मिळाला की तो नाही म्हणत नाही, हे स्वानुभवावरून सांगतो. नागपूरचं अधिवेशन डिसेंबरात असतं आणि प्रश्न त्याच्या बरेच आधी द्यावे लागतात. तेव्हा दिवाळीच्या फराळाला आमदारांकडे जाल, तर कागद खिशात असू द्या.