टायर बाहेरून चांगले दिसतात, तरी मेकॅनिक बदला म्हणतोय. ऐकावं का?

तुमचं म्हणणं असं की कार चाळीस हजार किलोमीटर फिरलीय, नक्षी अजून दिसते, चोर्ला घाटातून दर आठवड्याला गोव्याला जाणं आहे आणि मेकॅनिक धंद्यासाठी घाबरवतोय की काय, कळत नाही.

मी खानापूर भागातला, त्याच रस्त्यानं भाजीची पिकअप नेतो. टायर न बघता सांगणं अवघड, पण तुम्हाला स्वतःला पाच मिनिटांत कळेल. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, खाली बसा आणि पुढच्या टायरची आतली कड बघा. हाताला लागू द्या.

हे मी आषाढातल्या एका फेरीत शिकलो. कणकुंबी मागं पडली, उतार लागला, पाऊस धो धो. वळणावर ब्रेकला पाय लावला तर गाडी सरळच निघाली. स्टेअरिंग एकदम हलकं, चाक जमिनीला टेकलंच नसल्यासारखं. कडेच्या तांबड्या चिखलात रुतून थांबली म्हणून वाचलो. टोमॅटोचे दोन क्रेट गेले तेवढेच. चाक खोललं तर बाहेरची बाजू झकास, आतली चार बोटं पार गोटा, एके ठिकाणी तार वर आलेली. अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत असणं, गेली होती, आणि मी रोज बाहेरून लाथ मारून 'हवा आहे' म्हणत होतो!

नक्षीच्या खाचा चाकाखालचं पाणी बाहेर काढतात. त्या उथळ झाल्या की पाण्याला वाट राहत नाही, टायर पाण्यावर चढतो आणि मग ब्रेक कितीही चांगले असोत, उपयोग शून्य. खाचांच्या तळाशी रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात. टायरच्या बाजूवर 'टीडब्ल्यूआय' ही झिजेची खूण किंवा बारीक त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत शोधा. नक्षी झिजून पट्टीच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिमी उरली. कारला कायद्याची हद्द तीच, दुचाकीला ०.८. नव्या टायरला साधारण ७-८ मिमी असते. चोर्ल्याच्या पावसात मी १.६ ची वाट बघत नाही, ३ ला आलं की काढतो. मोजायची पट्टी स्वस्तात मिळते.

मधेच झिजलं असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर कमी. टायरच्या बाजूवर छापलेले तारखेचे चार आकडेही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुन्या टायरला नक्षी असली तरी रबर कडक होऊन भेगा पडतात. स्टेपनीचंही हेच, तिच्याकडं तर कोण बघतच नाही.

दोनच नवे घ्यायचे असतील तर मागं घाला. पुढं घालायची आपल्याकडं सवय आहे, पण ओल्या रस्त्यावर मागची बाजू फिरली तर गाडी आवरत नाही.

आमच्याकडं अमावास्येला गाडी धुऊन नारळ फोडतात. मी आता त्याच दिवशी पाचही टायर बघतो, तारीख लक्षात ठेवावी लागत नाही.

मेकॅनिकला एवढं विचारा की अलाइनमेंट बघितली का. एकाच बाजूनं झीज असेल आणि तो ती न करताच नवे टायर घालायला निघाला असेल, तर दुसरं गॅरेज बघा. नाहीतर नव्यांचीही आतली कड तशीच जाईल.