ऑपरेशन पोटाचं, मग पोटऱ्या का दुखल्या?

प्रश्न: डॉक्टर, सकाळी कॉलेज रोडला मिसळ हाणली, दुपारपासून पोटात कळा आणि रात्री अपेंडिक्सचं ऑपरेशन, दुर्बिणीतून. ते झालं नीट. पण दुसऱ्या दिवशी मान, पाठ, पोटऱ्या अशा ठणकत होत्या की जणू ब्रह्मगिरी चढून आलो, घसाही खरखरत होता. बेशुद्धीत मला आपटलं-बिपटलं का काय? आणि धाकट्या भावाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, तो गुटखा खातो, तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. चालेल ना?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: आपटलं नाही हो! बहुतेक स्कोलिनचा, म्हणजे भूल देताना टोचतात त्या एका औषधाचा, प्रताप आहे. पोट दुखत असलं की खाल्लेलं लवकर पुढे सरकत नाही, म्हणजे मिसळ आतच होती असं धरूनच आम्ही चालतो, ती उलटून फुप्फुसात जायच्या आत श्वासनलिकेत ट्यूब बसवायची असते आणि स्कोलिन मिनिटभरात सगळे स्नायू, श्वासाचेसुद्धा, ढिले करतं. पण ढिले व्हायच्या आधी पापण्यांपासून पायाच्या बोटांपर्यंत बारीक थरथर सुटते, कातडीखाली किडे वळवळल्यासारखी, आम्ही ती बघत उभे असतो, थांबली की ट्यूब टाकायची. त्या थरथरीनंतर असं अंग दुखतं, तरुण आणि लगेच उठून फिरणाऱ्यांना जास्त. दोन-तीन दिवसांत जातं. घसा ट्यूबमुळे. नुसता खांदा दुखला असता तर मी दुर्बिणीसाठी पोटात भरलेल्या गॅसला दोष दिला असता.

पुढच्या वेळी भूलतज्ज्ञांना हे सांगा, पोट रिकामं असेल तर दुसरी औषधं आहेत. स्कोलिनचा असर रक्तातल्या एका एन्झाइममुळे ५-१० मिनिटांत उतरतो, काही घराण्यांत ते एन्झाइमच कमी असतं, मग श्वास परत यायला तास-तास लागतात. घरात कुणाचं असं झालं असेल तर तेही सांगा.

आता भाऊ. लोकांना वाटतं भूल दिली की तोंड उघडेल. नाही उघडत! गुटख्याने गालाच्या आत दोरीसारखे पट्टे तयार होतात, ते काही स्नायू नाहीत, त्यांना स्कोलिन काय ढिलं करणार? आणि श्वास बंद केल्यावर कळलं की ट्यूब जात नाहीये, तर आमचीच पाचावर धारण बसते. हर्निया कमरेतल्या इंजेक्शनवर होतो बऱ्याचदा, पण तेवढ्यावर भागलं नाही तर ट्यूब लागतेच. आधी माहीत असेल तर नाक-घसा बधिर करून, पेशंट जागा असतानाच, नाकातून बारीक कॅमेऱ्यावरून ट्यूब टाकता येते. म्हणून तपासणीला गेल्यावर त्याने तोंड उघडून दाखवायचं आणि रोज किती पुड्या ते खरं सांगायचं. बायकोसमोर बोलत नसेल तर तिला दोन मिनिटं बाहेर बसवा.